पावती नसलेले पैसे : पागडी, डिपॉझिट आणि संशोधकाची पंचाईत

मागच्या लेखात म्हटलं होतं की पुढच्या वेळी 'जे कागदावर येतच नाही, त्याचा इतिहास कसा लिहायचा' यावर लिहीन. उदाहरण शोधत होते, तर ते माझ्याच दारात येऊन बसलं.

झालं असं. एप्रिलअखेर मी आणि माझी मैत्रीण अशा दोघींनी उपनगरातली भाड्याची जागा सोडली. जागा घेताना 60 हजार डिपॉझिट दिलं होतं, 30 बँकेतून आणि 30 रोख. करारात लिहिले फक्त 30. एजंट म्हणाला होता, "मॅडम, असंच करतात सगळे, स्टॅम्प ड्युटी वाचते." आम्ही मान डोलावली. चाव्या परत दिल्या, आठ दिवसांनी खात्यात 18 हजार आले. मी फोन केला.

"काका, डिपॉझिट साठ होतं."

"अगं, अ‍ॅग्रीमेंट बघ ना. तीसच आहे. त्यातले बारा रंगाचे गेले."

आता यातली शरमेची बाब अशी की मी चार वर्षं मुंबईच्या भाडेकरूंच्या इतिहासावर पीएचडी करतेय. 'मालकाला दिलेल्या, पण पावती नसलेल्या रकमा' हे माझ्या प्रबंधाच्या एका अख्ख्या प्रकरणाचं नाव आहे!

शरम बाजूला ठेवून कामाचं बोलू. तुमच्यापैकी बरेच जण सध्या विषय निवडताय, रिसर्च प्रपोजल लिहिताय. तुम्हाला सांगायचंय ते हे, की ज्या व्यवहाराची पावती नसते त्याची पावती का नसते, हा स्वतःच संशोधनाचा प्रश्न असतो. मुंबईच्या बाबतीत त्याचं उत्तर बऱ्याच अंशी कायद्यात सापडतं. पावती नसणं हा मालकांचा नुसता गलथानपणा नव्हता. पावती देणं अडचणीचं व्हावं, अशी परिस्थिती कायद्यानेच तयार केली होती.

थोडं मागे जाऊ. मुंबईत भाड्यावर सरकारी नियंत्रण आलं ते पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1918 साली. युद्धामुळे बांधकाम थंडावलं, गिरण्या मात्र जोरात होत्या आणि भाडी वाढत होती. तो कायदा तात्पुरता होता आणि पुढे संपला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर 1939 मध्ये पुन्हा एक कायदा झाला, 1944 मध्ये आणखी एक. मग आला तो 1947 चा कायदा. आपण त्याला सैलपणे 'बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट' म्हणतो आणि त्याने शहरातल्या तीन पिढ्यांची घरं सांभाळली. पूर्ण नावात हॉटेल आणि लॉजिंग हाऊसचे दरही आहेत, पण आपलं काम घरभाड्याशी.

या कायद्याची मूळ कल्पना सोपी आहे. 1 सप्टेंबर 1940 रोजी जागेचं जे भाडं होतं, ते तिचं प्रमाण भाडं, म्हणजे 'स्टँडर्ड रेंट'. त्या तारखेनंतर पहिल्यांदा भाड्याने दिलेल्या जागेला तिचं पहिलं भाडं. त्यावर ठरावीक वाढ सोडली तर मालकाने जास्त घ्यायचं नाही.

आता त्या वेळचं शहर डोळ्यांसमोर आणा. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीत 1941 साली सुमारे 18 लाख माणसं होती, 1951 साली सुमारे 30 लाख. मध्ये युद्ध होऊन गेलं, फाळणी झाली, सिंधमधून निर्वासित आले, कोकणातून आणि घाटावरून माणसं येतच होती. खोल्या मात्र तेवढ्याच. महिन्याचं भाडं 1940 ला बांधलेलं आणि खोलीसाठी दाराशी दहा जण उभे. जी किंमत भाड्यातून घेता येत नव्हती, ती दुसऱ्या वाटेने बाहेर आली. एकरकमी, रोख, हातोहात. तिचं नाव पागडी. कलकत्त्यात अशाच रकमेला 'सेलामी' म्हणत. दोन्ही शब्दांत मानपान आहे, पैसा कुठेच नाही.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही, उलट फार चांगलं कळत होतं. 1947 च्या कायद्याचं कलम 18 शांतपणे वाचा. तुमचा विषय काहीही असो, कायद्याचं कलम इतिहासाचं साधन म्हणून कसं वाचायचं याचा हा उत्तम धडा आहे. प्रमाण भाडं आणि मान्य वाढ सोडून, जागा भाड्याने देण्यासाठी, भाडेपट्टा नवा करण्यासाठी किंवा चालू ठेवण्यासाठी मालकाने नजराणा, प्रीमियम, अनामत किंवा तसलीच कुठलीही रक्कम घेतली, तर तो गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि दंड घेतलेल्या रकमेपेक्षा कमी नाही. याच कलमात पुढे बारीक तपशील आहेत. राहत्या जागेचं तीन महिन्यांहून जास्त आगाऊ भाडं घेतलं तर तेही नजराणाच समजायचं. मालकाने भाडेकरूला फर्निचर विकलं आणि वाजवीपेक्षा जास्त किंमत लावली, तर वरची रक्कम तीसुद्धा नजराणा.

फर्निचरवर जरा थांबा. कायद्यात खुर्च्या-कपाटं कुठून आली? कुणीतरी दोन मोडक्या खुर्च्या आणि एक कपाट अव्वाच्या सव्वा भावाने भाडेकरूच्या गळ्यात मारल्याशिवाय असं वाक्य कायद्यात येत नाही. मनाई ज्या गोष्टीची, ती गोष्ट घडत होती. हे सूत्र जपून वापरा, प्रत्येक मनाईला ते लागू पडत नाही. पण मनाई जितकी विचित्र आणि बारीक, तितकी ती ऐकीव गोष्टीवरून न येता अनुभवातून आलेली असण्याची शक्यता जास्त.

आता याच कायद्यातलं कलम 26 बघा. मालकाने मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती दिलीच पाहिजे. ही दोन कलमं शेजारी ठेवा. एक म्हणतं, घेतलेल्या पैशाची पावती द्या. दुसरं म्हणतं, हे पैसे घेतलेत तर तुरुंगात जाल. मग पागडीची पावती म्हणजे काय? मालकाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कबुलीजबाब. अशी पावती कोण देईल? आणि ती मागणाऱ्या भाडेकरूला खोली कोण देईल?

म्हणून मी जेव्हा दस्तऐवजांत पागडी शोधायला निघाले, तेव्हा काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात मला भाड्याबद्दल भरपूर काही दिसलं आणि पागडीबद्दल तक्रारी दिसल्या. पागडीचा व्यवहार मात्र दिसला नाही. पहिले सहा महिने मी असं समजत होते की मला शोधता येत नाहीये. माझ्या गाइड मॅडम एक दिवस म्हणाल्या, "तू जे शोधतेयस ते लपवण्यातच सगळ्यांचं हित होतं. मग ते सापडलं तर संशय घ्यायला हवा, सापडलं नाही तर कसला?" हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मग हे लपवलेलं उघडं कुठे पडतं? जिथे व्यवहार फिस्कटतो तिथे. म्हणजे कोर्टात.

1954 चं सर्वोच्च न्यायालयाचं एक प्रकरण आहे, तोलाराम रेलुमल विरुद्ध मुंबई राज्य. इमारत अजून बांधून व्हायची होती. त्यातल्या एका जागेसाठी आधीच रक्कम घेतली गेली, पुढे खटला झाला, मुंबईच्या न्यायालयांनी दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र आरोपींना सोडलं. का? पैसे घेतलेच नाहीत म्हणून नव्हे. कलमात शब्द होते 'भाडेपट्टा देण्यासंबंधी'. इथे भाडेपट्टा दिलेलाच नव्हता, भविष्यात देऊ असं नुसतं ठरलं होतं. दंडाच्या कायद्याचे दोन वाजवी अर्थ निघत असतील तर आरोपीला सोयीचा अर्थ घ्यायचा, या तत्त्वावर ते सुटले.

विधीच्या विद्यार्थ्याला या निकालात अर्थ लावण्याचं तत्त्व दिसेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने वेगळीकडे बघायचं. निकालाच्या सुरुवातीला जो 'वस्तुस्थिती' नावाचा भाग असतो, जो वकील चटकन ओलांडून जातात, तिथे आपलं सोनं असतं. इमारत उभी राहायच्या आधीच खोल्यांचे पैसे घेतले जात होते, ते कुणामार्फत दिले जात, कशी बोलणी होत, हे सगळं तिथे आहे, तेही शपथेवर सांगितलेलं. दुसरीकडे हेही लक्षात ठेवा की कोर्टात आलेला व्यवहार हा बिघडलेला व्यवहार असतो. जे हजारो व्यवहार गुपचूप, दोन्ही बाजूंच्या समाधानाने झाले, ते कायद्याच्या अहवालांत कधीच येत नाहीत. फक्त निकाल वाचून पागडीचा इतिहास लिहिलात तर तो भांडणांचाच इतिहास होईल.

न भांडलेल्या माणसांकडे कसं पोचायचं? मला एक वाट सापडली ती गिरगावातल्या एका आजींमुळे. (नाव देत नाही. मुलाखतीआधी तसा शब्द दिलाय. तुम्हीही लेखी संमती घेत चला, 'आजी आपल्याच आहेत' म्हणून सोडू नका.)

आजींनी पत्र्याची पेटी उघडली. भाडेपावत्यांचे गठ्ठे, महिनावार, सुतळीने बांधलेले. सर्वांत जुनी पावती 1952 च्या जूनची. मी विचारलं, "आजी, खोली घेताना पागडी किती दिली होती?"

"ते मला काय माहीत! पैशांचं हे बघायचे." थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, "माझ्या पाटल्या गेल्या तेव्हा."

पाटल्या! मी इतके दिवस प्रश्नच चुकीचा विचारत होते. 'किती रुपये' याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, कारण ती रक्कम त्यांच्या हातातून कधी गेलीच नाही. त्यांच्या हातातून गेल्या त्या पाटल्या. त्यानंतर मी मुलाखतीची प्रश्नावली बदलली. 'पागडी किती' हा प्रश्न काढला आणि 'खोली घेताना घरातलं काय मोडलं?' हा घातला. उत्तरं वेगळीच यायला लागली. कुणाची गावची जमीन गहाण पडली, कुणी पतपेढीतून उचल घेतली, कुणाची शिवणयंत्राची हौस राहून गेली. मुख्य म्हणजे बायका बोलायला लागल्या. आधीच्या प्रश्नावर त्या 'यांना विचारा' म्हणून आत निघून जात.

आजींच्या पेटीत तळाशी सराफाची एक चिठ्ठी निघाली, मे 1952 ची, सोनं विकल्याची. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. मे महिन्यात पाटल्या विकल्या, जूनपासून भाडं सुरू. पागडीची रक्कम सापडली! मॅडमना दाखवली तर त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "आणि त्याच महिन्यात घरात लग्न नव्हतं हे तुला कशावरून माहीत?"

होतं. दिराचं लग्न होतं, मेमध्येच. मी परत जाऊन विचारलं तेव्हा कळलं. आजी म्हणतात पाटल्या खोलीसाठीच गेल्या, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण चिठ्ठीवरची सगळी रक्कम मालकाकडे गेली असं मी प्रबंधात लिहू शकत नाही. 'खोलीसाठी दागिना विकल्याचं सांगितलं जातं. विक्रीची चिठ्ठी त्याच सुमाराची आहे. रक्कम निश्चित करता येत नाही' एवढंच लिहिलंय. वाक्य मिळमिळीत आहे, मला माहीत आहे. पण व्हायवाला टिकेल.

आता परताव्याकडे येते, कारण इथे पागडी आणि डिपॉझिट यांत मोठा फरक आहे आणि माझ्या पिढीला तो पटकन कळत नाही. डिपॉझिट मालकाकडे असतं आणि जाताना त्याने ते परत द्यायचं असतं. पागडी मालकाकडून परत मिळतच नसे. भाडेकरू खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून पागडी घ्यायचा, त्यातला हिस्सा मालकाला द्यायचा आणि मग पावती नव्या माणसाच्या नावावर व्हायची. हिस्सा साधारण एक तृतीयांश असं ऐकायला मिळतं, पण इमारतीगणिक फरक. जाणाऱ्या भाडेकरूने असे पैसे घेणं हेसुद्धा 1947 च्या कायद्याच्या कलम 19 ने बेकायदा ठरवलं होतं. म्हणजे या साखळीतल्या सगळ्याच कड्या अंधारात. तरीही ती चालली, कारण प्रत्येकाला आपले पैसे पुढच्याकडून मिळायची खात्री होती. जुन्या भाडेकरूंना विचाराल तर ते पागडीला 'घरात गुंतवलेले पैसे' म्हणतात, मालकाला दिलेली अनामत म्हणत नाहीत.

इकडे भाडी गोठलेलीच. शेवटी डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रमाण भाडं गोठवणाऱ्या तरतुदी सुरुवातीला वाजवी असतील, पण काळ लोटल्यावर त्या अवाजवी झाल्या आहेत. कायद्याची मुदत तेव्हा संपतच आली होती, म्हणून तरतुदी तिथल्या तिथे रद्द केल्या नाहीत.

तोपर्यंत मालकांनी दुसरी पळवाट काढलेली होतीच. भाडेकरू ठेवायचाच नाही, 'लायसन्सी' ठेवायचा. लिव्ह अँड लायसन्स. म्हणजे जागेवर हक्क नाही, नुसती राहायची परवानगी. सरकारने 1973 मध्ये दुरुस्ती करून 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारावर राहत असलेल्या लायसन्सींना भाडेकरूचं संरक्षण दिलं. त्या दिवशी आत असलेले सुटले, पण मालकांच्या मनात भीती बसली की आज परवानगी देऊ आणि उद्या हा भाडेकरू होऊन बसेल. भीतीवर उतारा म्हणून मोठी रक्कम हातात ठेवायची. 'हेवी डिपॉझिट' हा शब्द मुंबईकरांना नवा नाही. भाडं नाममात्र किंवा शून्य, आणि मालक त्या रकमेच्या व्याजावर खुश.

1987 च्या दुरुस्तीने मालकांना दिलासा मिळाला. लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा झटपट परत मिळवायची सोय झाली. तीच तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मध्ये कलम 24 म्हणून आली. हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट लायसन्स फी भरावी लागते. या कलमापुरता लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो.

आणि कलम 56? त्याने एका फटक्यात उलटं केलं. मालकाने नजराणा, प्रीमियम, अनामत घेणं आणि भाडेकरूने जागा सोडताना पैसे घेणं, दोन्ही कायदेशीर. पन्नास वर्षं जो गुन्हा होता तो व्यवहार झाला.

इथे मी तुम्हाला एक सवय लावून घ्या म्हणेन. कायदा वाचताना काय लिहिलंय त्याबरोबर काय लिहिलेलं नाही तेही टिपत चला. कलम 56 म्हणतं, अनामत घेता येईल. किती घ्यायची याची मर्यादा नाही. किती दिवसांत परत द्यायची, ते नाही. कशासाठी कापता येईल, ते नाही. जागा परत हवी असलेल्या मालकासाठी कलम 24 ची जलद वाट आहे. डिपॉझिट परत हवं असलेल्या माणसासाठी तशी जलद वाट नाही. त्याने नोटीस पाठवायची, नेहमीच्या दिवाणी वाटेने जायचं, आणि तीन वर्षांच्या मुदतीकडे लक्ष ठेवायचं. केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं एवढीच अनामत आणि ताबा परत घेताना वाजवी वजावट करून परतावा, असं आहे खरं. पण तो नमुना आहे, राज्याने आपलासा केल्याशिवाय लागू होत नाही. या असमतोलाला मी प्रबंधात 'तटस्थ मौन' म्हणत होते. माझे 42 हजार अडकल्यापासून 'तटस्थ' शब्द काढून टाकला आहे. हे संशोधनाच्या शिस्तीत बसतं का, माहीत नाही, पण तो शब्द चूकच होता असं आता वाटतं.

भाडेकरूच्या बाजूने असलेलं एक कलम मात्र जरूर वाचा, 55. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे गंमत बघा. आमचा करार नोंदवलेलाच नसता, तर साठ हजारांचं माझं म्हणणं जास्त वजनदार ठरलं असतं. नोंदवला, आणि त्यात 30 लिहिले, म्हणून मी अडकले. लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही, हे पुराव्याच्या कायद्याचं पहिल्या वर्षाला शिकवतात.

आणि वाचवलं काय? परवा बसून हिशेब केला. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, आणि परत मिळणाऱ्या अनामतीच्या रकमेवर नव्हे, तर तिच्यावरच्या वार्षिक 10 टक्के दराने धरलेल्या व्याजावर. लपवलेल्या 30 हजारांवर अकरा महिन्यांचं व्याज 2,750 रुपये. त्याचा पाव टक्का म्हणजे जेमतेम सात रुपये. सात रुपयांसाठी कुणी खोटं लिहीत नाही. एजंटने सांगितलेलं कारण हे कारण नव्हतंच. रोख रकमेचा माग राहू नये, एवढंच असणार. 1952 मधला मालक पावती देत नव्हता कारण कायदा त्याला तुरुंगात टाकणार होता. आजच्या मालकाला अनामत घ्यायची पूर्ण मोकळीक आहे, तरी सवय तीच. कायद्याची कारणं संपल्यावरही व्यवहाराची रीत का टिकते, हा प्रश्न माझ्या प्रकरणात आत्ता कुठे आलाय, शेवटच्या पाच पानांत.

एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल. रोख देऊन खोटा आकडा मान्य करणारी मीही दोषीच ना? असा युक्तिवाद कोर्टातही झालाय. बिहारमधल्या एका भाडेकरूने मालकाला कायद्याविरुद्ध आगाऊ रक्कम दिली होती, भाड्यातून वळती करायच्या बोलीवर. 1986 मध्ये मोहम्मद सलीमुद्दीन विरुद्ध मिसरीलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'दोघे सारखेच दोषी' हे म्हणणं मान्य केलं नाही. डोक्यावर छप्पर हवं असलेला आणि छप्पर देणारा यांची ताकद सारखी नसते, असा त्याचा आशय. माझं प्रकरण अगदी तसं नाही, पण वाचून बरं वाटलं.

आता कामाचं, ज्यांना भाडं, कर्ज, हुंडा, देणगी, असल्या कागद टाळणाऱ्या व्यवहारांवर काम करायचंय त्यांच्यासाठी. व्यवहाराचा कागद नसेल तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा कागद शोधा. पैसे कुठून आले आणि त्यानंतर काय सुरू झालं. सराफाची चिठ्ठी आधीची, भाडेपावती नंतरची. मधली पोकळी तुम्ही भरायची नाही, फक्त तिच्या कडा जितक्या जवळ आणता येतील तितक्या आणायच्या. लघुवाद न्यायालयाचे, म्हणजे धोबीतलावच्या स्मॉल कॉज कोर्टाचे दावे, विधिमंडळातल्या चर्चा, वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती, हे सगळं आहेच. पण घरातल्या पेट्या विसरू नका. आणि पेटी उघडणाऱ्या माणसाला घाई करू नका. आजींनी ती चिठ्ठी मला चौथ्या भेटीत दाखवली.

हीच पद्धत मी स्वतःवर वापरली. आधीचा कागद म्हणजे बँकेचं स्टेटमेंट. जागा घेतली त्या आदल्या दिवशी एटीएममधून मी 15 हजार आणि मैत्रिणीने 15 हजार काढलेले. नंतरचा कागद म्हणजे त्याच संध्याकाळचा काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज. मी लिहिलं होतं, "काका, उरलेले 30 एजंटकडे दिलेत." त्यावर त्यांचं उत्तर एका शब्दाचं, "मिळाले". हा शब्द दोन वर्षं फोनमध्ये पडून होता.

स्क्रीनशॉट पाठवला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी 30 हजार आले, सोबत एक शब्दही नाही. रंगाचे 12 हजार अजून बाकी आहेत. करारात 'वापरामुळे होणारी साधारण झीज वगळून' असं लिहिलंय, पण घरात शिरलो त्या दिवशीच्या भिंतींचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मैत्रीण म्हणते, सोड आता. मी नोटिशीचा मसुदा लिहायला घेतलाय. नव्या घराच्या भिंतींचे एकेचाळीस फोटो काढून नव्या काकूंना पाठवले, तर त्या म्हणाल्या, "अगं, घर भाड्याने घेतेयस की पंचनामा करतेयस?"